दत्तक मुलीने स्वतःची फाइल मागितली तर? (नाशिककरांचे अनुभव हवेत)

गोदाकाठची | १९ नोव्हेंबर २०२३, रात्री ११.४२

या संस्थळावर मी जुनीच आहे, फक्त या धाग्यासाठी वेगळा आयडी काढलाय. संपादकांना कल्पना दिली आहे.

वय ३३. दत्तक असल्याचं मला कळलं असं कधी झालंच नाही, ते माहीतच होतं. माझे वाढदिवस दोन. एक जन्माचा, त्याला केक. दुसरा घरी आले त्या दिवसाचा, त्याला पुरणपोळी. शाळेत मैत्रिणींना हेवा वाटायचा.

बाबा मागच्या वर्षी गेले. यंदा पितृपक्षात चुलतभावासोबत त्र्यंबकला गेलो. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली ती लांबुळकी वही घेऊन आले. पहिली पानं मोडीत, मग देवनागरी. पाच मिनिटांत बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. कोण कुठल्या साली आलं, कोणासोबत आलं, सगळं. आणि एका पानावर निळ्या बॉलपेनने बाबांचं अक्षर : "स्वतः, सौ. आणि कन्या चि. ..." पुढे माझं नाव. शके १९१४ (१९९२-९३). म्हणजे मला घरी आणून वर्षही झालं नसेल तोवर बाबा मला त्या वहीत लिहून आले होते. घरी कोणाला बोलले नव्हते.

मी तिथेच बसून रडले. भावाला वाटलं बाबांच्या आठवणीने. ते होतंच. पण त्याच वेळी डोक्यात आलं, की अशीच कुठलीतरी दुसरी वही असेल आणि तिच्यात मी नसेन.

मला कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. मला का दिलं एवढं समजलं तरी पुरे. माझं दत्तक विधान १९९१ चं, इथल्याच एका संस्थेतून, कोर्टामार्फत. (संस्थेचं नाव कृपया विचारू नका.) महिन्याभरापूर्वी एका कार्यालयात चौकशीला गेले तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "आईला घेऊन या, तुम्हाला अशी माहिती देता येत नाही." तेहतिसाव्या वर्षी आईची चिठ्ठी?

कायद्याने मला काय मागता येतं? कोणी केलंय का हे?

सिडकोकर | २० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

ताई, राग मानू नका. ज्यांनी तुम्हाला वहीत लिहिलं तेच तुमचे. कशाला जुनं उकरून काढताय? आईला काय वाटेल याचा विचार केलात का? पोसलं, शिकवलं, आणि बाबा जाऊन वर्ष होतंय तोच दुसरीकडे शोध. आणि समजा त्या बाईंचा आता संसार असेल, तर त्यांनी काय करायचं?

गोदाकाठची | २० नोव्हेंबर, सकाळी ९.०२

शेवटचा प्रश्न रास्त आहे, तो मलाही पडतो. बाकीच्याबद्दल एवढंच, की "पोसलं" हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. तुमच्या मुलांबाबत तुम्ही वापरता का?

काळा_कोट | २० नोव्हेंबर, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. चुका काढायला संध्याकाळी या.

टेबलामागच्या गृहस्थांचं चुकलं. मात्र ते ज्या समजुतीने बोलले ती एकेकाळी खरीच होती. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. न्या. भगवतींचा निकाल. त्यात म्हटलं होतं, की मूल जाणतं झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती द्यायला फारशी हरकत नसावी, पण द्यायची की नाही ते दत्तक पालकांनी ठरवावं. म्हणजे कुलपाची किल्ली पालकांकडे. ऑफिसं अजून तिथेच अडकली आहेत.

आता बाल न्याय कायदा २०१५ आहे आणि त्याखालचे दत्तक नियम २०२२ आहेत. त्यात 'रूट सर्च' नावाची तरतूद आहे (मराठीत मूळशोध म्हणा). अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीने 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. आई लागत नाही. अठराच्या आतलं मूल असेल तरच पालकांसह अर्ज. पुढे तो अर्ज राज्याची यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, संस्था असा खाली येतो, आणि या सगळ्यांनी मदत करायची आहे. 'करू शकतात' असं नाही, करायची आहे.

पण खालच्या दोन गोष्टी नीट वाचा. जन्मदात्यांनी मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती आधी घ्यावी लागते. तुमच्या हक्काने त्यांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये, हे नियमातच लिहिलंय. आणि त्यांनी नकार दिला किंवा त्या सापडल्याच नाहीत, तरी मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते तुम्हाला सांगावंच लागतं.

म्हणजे तुम्ही जे मागताय नेमकं तेच. 'कोण' हे त्या बाईंच्या हातात आहे, 'का' यावर मात्र तुमचा हक्क आहे.

जुनं_नाशिक | २० नोव्हेंबर, सायं. ६.१०

थोडं विषयांतर. आपल्या जिल्ह्यात दत्तक म्हणजे लपवायची गोष्ट कधीच नव्हती. बडोद्याचे सयाजीराव आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतले. तात्यासाहेब शिरवाडकर जन्मले गजानन रंगनाथ म्हणून, काकांनी दत्तक घेतल्यावर झाले विष्णु वामन. अख्ख्या गावाला माहीत, कोणाला त्यात काही वाटलं नाही. मग हे गुप्ततेचं खूळ आलं कुठून?

काळा_कोट | २० नोव्हेंबर, सायं. ६.४०

तिथे घेणारा काका, देणारा भाऊ. दोन्ही घरं एकाच लग्नाला जेवायची, लपवणार कोणापासून? दत्तक होमाला सगळी भावकी साक्षीला. गुप्तता आली ती संस्थेतून मूल घ्यायला लागल्यावर, कारण तिथे मुलामागे बहुतेक वेळा एक अविवाहित मुलगी असायची.

गंमत म्हणून सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं १२ वं कलम म्हणतं, दत्तक दिल्यावर जन्माच्या घराशी नातं तुटलं. आणि लगेच पुढे म्हणतं, पण जन्माच्या घरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं त्यांच्याशी अजूनही निषिद्धच. ते कोण, हे संस्थेतून आलेल्या मुलाने ओळखायचं कसं, याबद्दल कलम गप्प.

नलूमावशी | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

मी तेवीस वर्षं एका संस्थेत होते (नाशिकची नाही). आता निवृत्त. सांगू की नको असं झालं होतं, पण सिडकोकरांचं वाचून सांगावंसं वाटलं.

पोटुशी पोर सहाव्या-सातव्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातून आणून सोडायचे. बहुतेकदा आई किंवा मामा. गावात सांगून ठेवलेलं असायचं, नर्सिंगच्या कोर्सला गेली, मावशीचं ऑपरेशन आहे म्हणून गेली. रजिस्टरात नाव लिहिताना पोर आधी आईच्या तोंडाकडे बघायची आणि मग नाव सांगायची. आम्हाला कळायचं हे नाव खरं नाही. आम्ही तेच लिहायचो. तेव्हा ताई, फाइलमध्ये जे सापडेल ते खरंच असेल असं समजू नका.

आमच्याकडे विचारायला यायचे ते बहुतेक बाहेर वाढलेले. स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी. दुभाषा घेऊन. इथे वाढलेलं पोर क्वचित. इथल्या पोरांना वाटतं विचारलं तर आई दुखावेल. आयांना वाटतं विचारलं तर पोर जाईल. दोघंही आम्हाला वेगवेगळे फोन करायचे!

आणि त्या बाईपर्यंत पोचणं सोपं नसतं हो. घरी गेलं की आधी नवरा विचारतो, कोण तुम्ही? आम्ही कधी बचत गटाचं सांगायचो, कधी शिवण क्लासचं. एकदा एक बाई ओट्याशी भाकरी थापत होती. मी हळूच वर्ष आणि महिना बोलले फक्त. तिचा हात थांबला. मग तिने ती भाकरी भाजली, मला वाढली, आणि फाटकापर्यंत सोडायला येऊन म्हणाली, "परत येऊ नका." मी परत गेले नाही. पण अर्ज आल्याचं तिला कळायला हवंच होतं, असं मला अजूनही वाटतं.

ओझरचा_अभि | २१ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काळा_कोट, तुमचं 'का' ज्यांना सोपवलं गेलं त्यांच्यासाठी. मी सापडलेला. १९८८. माझ्या बाबतीत सोपवायला कोणी आलंच नाही, मग कारण कोण सांगणार?

मला एवढंच मिळालं : पोलिसांचा जबाब आणि एका दैनिकातली जाहीर सूचना. दोन रविवार एका वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली चाळल्या. तीन ओळी होत्या. अंदाजे सहा दिवसांचा मुलगा, रंग निमगोरा, अंगात हिरवा लोकरी स्वेटर, संबंधितांनी संपर्क साधावा. वर एका बँकेची जाहिरात, खाली बेपत्ता म्हशीची सूचना.

लोकरीचा स्वेटर जूनमध्ये. म्हणजे कोणीतरी आधी विणून ठेवला असणार किंवा मागून आणला असणार. माझ्या सगळ्या मूळशोधाची कमाई तो स्वेटर. हसू नका, पुरतो.

(माझा वाढदिवस अंदाजे आहे. पत्रिका बघणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.)

लेस्टरची_सून | २२ नोव्हेंबर, पहाटे ३.५०

इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने १८ वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मदाखला मिळतो, आईच्या नावासकट. स्कॉटलंडमध्ये तर १९३० पासून. त्या कायद्याच्या आधी ज्यांचं दत्तक झालं त्यांना आधी समुपदेशकाला भेटावं लागतं, कारण त्या आयांना गुप्ततेचा शब्द दिला गेला होता. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी पन्नाशीत तो दाखला काढला. आपल्याकडे का नाही असं?

काळा_कोट | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

कारण आपल्याकडे असा 'मूळ दाखला' बऱ्याचदा नसतोच. संस्थेतल्या मुलाचा जन्मदाखला दत्तक आदेशानंतर दत्तक पालकांच्या नावानेच निघतो. तिकडे कपाटात बंद केलेला कागद उघडायचा असतो, इकडे आधी कागद होता का हे बघायचं.

व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) तिघांनी माहितीच्या अधिकाराबद्दल विचारलं, इथेच उत्तर देतो. नको. दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून तो अर्ज अडकेल, आणि अडकला पाहिजेच. नाहीतर उद्या कोणीही कोणाचीही फाइल मागेल. मूळशोधही फक्त त्या व्यक्तीलाच करता येतो, तिऱ्हाईताला नाही. हौशी काका-मामांनी परस्पर उद्योग करू नयेत.

गोदाकाठची, अर्जाला दत्तक आदेश लागेल. घरात नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात आईंनी अर्ज करावा, कारण मूळ अर्जदार त्या आहेत. संस्थेचं नाव, दाखल झाल्याची तारीख असलं बरंच काही आदेशातच मिळून जातं. आणि इस्टेटीची काळजी कोणी घातली तर सांगा, कायदेशीर झालेलं दत्तक मूळशोधाने रद्द होत नाही.

दोन_वेण्या | २२ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

मी दुसऱ्या बाजूची. मुलगी सहा वर्षांची, दत्तक, तिला माहीत आहे. धाकट्याचं दत्तक यावर्षी झालं, त्याचा आदेश कोर्टाचा नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा (सप्टेंबर २०२२ पासून तसं आहे). दोघांच्याही वेळी काराच्या पोर्टलवर फोटो, मुलाची पार्श्वभूमी सांगणारा अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसला, ४८ तासांत कळवायचं होतं. त्या घाईत आम्ही फोटोच बघत बसलो. अहवाल मी नंतर एकटीने वाचला आणि एका ओळीपाशी थांबले. ती ओळ इथे लिहिणार नाही, ती तिची आहे.

सगळ्याच्या प्रती काढून दोन फायली केल्यात. लेकीच्या फाइलवर तिचं नाव आणि 'वय १८' लिहिलंय. नवरा म्हणतो १८ कशाला, मागेल तेव्हा दे. आमचं यावर अजून ठरत नाही. गोदाकाठची, तुम्हाला कधी हवी होती?

गोदाकाठची | २२ नोव्हेंबर, रात्री ११.२०

बाराव्या वर्षी. पण तेव्हा मी मागितली नसती.

सर्वांचे आभार. आज आईशी बोलले. तिने ऐकून घेतलं, उठली, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि समोर ठेवली. कोर्टाचा आदेश, दोन पावत्या, एक झबलं. म्हणाली, "मला वाटलं तू कॉलेजात असतानाच मागशील."

डीएनए_वाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

हे सगळं कशाला? थुंकी पाठवा, महिन्यात नातेवाईक सापडतील.

नलूमावशी | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आणि त्या बाईच्या भाच्याला तिच्याआधी कळेल, असंच ना? जी 'परत येऊ नका' म्हणाली तिच्या घरात मागच्या दाराने शिरायचं ते.

सिडकोकर | २३ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

मावशींचं वाचून काल बायकोशी बोलणं झालं. माझ्या आत्याने लग्नाआधी एक वर्ष 'वसतिगृहात' काढलं होतं असं घरात बोललं जायचं. आत्या कधी शिकलीच नव्हती, वसतिगृह कसलं? आता ती नाही. माझा पहिला प्रश्न मागे घेतो, शेवटचा नाही.

गोदाकाठची | ९ फेब्रुवारी २०२४

थोडी खबर. डिसेंबरमध्ये ऑनलाइन अर्ज केला. ओळखपत्र, आदेश, फोटो. महिनाभर सामसूम, मग जिल्हा कक्षातून फोन. बोलणारी मुलगी माझ्याहून लहान असावी, पण तिने पहिलाच प्रश्न विचारला : "नकार आला तर तुमच्याजवळ कोण असेल?" त्या टेबलामागच्या गृहस्थांना मी मनातल्या मनात माफ केलं. संस्थेत नोंदवही सापडली आहे. सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं, म्हणून संमती विचारायला पाठवणार. वाट बघते आहे.

ओझरचा_अभि | ९ फेब्रुवारी २०२४

पोहा. (म्हणजे पोच. कोपऱ्यावरच्या मिसळीवर बसून टाइप करतोय.)

गोदाकाठची | २५ ऑगस्ट २०२४

दोन आठवडे झाले, आज लिहायला जमतंय.

नकार आला. "संपर्काची इच्छा नाही" एवढं एका ओळीत. सिडकोकर, त्यांचा संसार आहे, आणि त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवलं. मला वाटलं होतं कोसळेन. तसं झालं नाही. त्या हयात आहेत हे मला त्याच ओळीतून कळलं.

मग नियमाप्रमाणे कारण आणि परिस्थिती सांगायला बोलावलं. आईला घेऊन गेले, या वेळी माझ्या मनाने. नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स होती, नावं-गावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून काढलेली. माझा चष्मा गाडीत राहिला, म्हणून आईने वाचून दाखवलं. वय १९. शिक्षण दहावी. वडील वारलेले, थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं. बाळाचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम. "बहिणीच्या लग्नापूर्वी परत जाणे आवश्यक." आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईने : "तिसऱ्या आठवड्यात एकटी आली. बाळास पाहून गेली."

आईने ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मला ऐकवायला नव्हती.

नलूमावशी, नाव खोटं असेल हे लक्षात आहे. अजून एक सांगते, कोणाची नोकरी जाणार नसेल तर. नावावरची पट्टी थोडी खाली चिकटली होती. अक्षर एकही दिसत नव्हतं, फक्त वर एक वेलांटी राहिली होती. मी त्याच्यापुढे काही शोधणार नाहीये, नाही म्हणजे नाही. पण घरी आल्यावर आईला म्हटलं, एवढं तरी सांग, पहिली की दुसरी? आई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. तिने कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"दुसरी," म्हणाली.